पंखाचे टोक

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे पत्र आम्हा दोघांना एकाच आठवड्यात आले. पत्रात विषयही सुचविलेला होता : ‘वसतिशाळेच्या अंगणातून उंच भरारी’. माजी विद्यार्थ्यांपैकी कोण कोठवर पोहोचला हे आजच्या मुलांना कळावे आणि त्यांना हुरूप यावा, हा त्यामागचा हेतू उघड होता आणि तो योग्यच आहे. आमच्या वर्गातील काहीजण खरोखर मोठ्या पदांवर गेले. त्यांचे लेख या अंकात असतीलच. आम्ही दोघे पदाने फार वर गेलो नाही. एकजण दूरध्वनी खात्यात कारकून म्हणून लागला आणि त्याच खात्यातून निवृत्त झाला. दुसऱ्याने पुण्याच्या एका शाळेत तीस वर्षे गणित शिकविले. तरीही ‘भरारी’ हा शब्द वाचून आम्ही एकमेकांना फोन केला. कारण शब्दशः घेतला तर तो आम्हाला लागू पडतो. तरुणपणी आम्ही विमान उडवायला शिकलो, तेही इंजिन नसलेले विमान. त्याला ग्लायडर म्हणतात.

ही हकीकत आजवर आम्ही कोठे लिहिली नाही. ती तिघांची आहे, आणि तिसऱ्याविषयी लिहायचे तर एक जुनी गोष्ट कबूल करावी लागते, म्हणून ती राहून गेली. हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, त्यामुळे तो ‘आम्ही’ या शब्दात आहे. त्याचे आणखीही एक कारण आहे, ते पुढे येईल.

आमच्या वेळी वसतिशाळेच्या आवारात कडुनिंबाचे एक मोठे झाड होते आणि त्यापलीकडे कुंपणही नव्हते. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, दक्षिणेला तापीकडे उतरत गेलेली काळी जमीन, आणि मध्ये जिकडे पाहावे तिकडे केळीच्या बागा. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपुरात झाले आणि पंडित नेहरू त्याचे अध्यक्ष होते, हे गावातील वृद्धांच्या तोंडून आम्ही इतक्यांदा ऐकले होते, की ते आम्हाला आमच्याच लहानपणी घडल्यासारखे वाटे. पण वसतिशाळेतील मुलांच्या लेखी गावाची खरी मोठी गोष्ट निराळी होती. ती म्हणजे एप्रिल महिन्यातील आकाश.

एप्रिलमध्ये आपल्याकडे ऊन कसे असते, हे जळगाव जिल्ह्याच्या माणसाला सांगायला नको. दुपारी सारा गाव दारे लावून बसे. आम्ही मात्र निंबाखाली पडून वर पाहत असू. नांगरून उघड्या पडलेल्या शेतांवर घारी फिरत. एकीमागून एक अशा त्या येत, गोल गोल फिरत आणि पंख न हलविता वर वर जात, शेवटी ठिपक्याएवढ्या होत. केळीच्या बागांवर मात्र त्या कधी फिरत नसत. हे प्रथम ज्याच्या लक्षात आले, तोच आमचा तिसरा मित्र. तो मान थोडी तिरकी करून पाही आणि आमच्या कितीतरी आधी घार हेरी. ‘बागेवर का नाही फिरत?’ हा प्रश्न त्यानेच विज्ञानाच्या गुरुजींना विचारला.

गुरुजींनी त्या प्रश्नाचे उत्तर वहीत उतरवून दिले नाही. त्यांनी कागदाची एक गोल चकती सापाच्या वेटोळ्यासारखी कापली, ती दोऱ्याने टांगली आणि खाली कंदील ठेवला. कागद गरगर फिरू लागला. मग ते म्हणाले, “उघडी काळी जमीन तापते आणि तिच्यावरची हवाही तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. बागेत पाणी असते, सावली असते, ती जमीन तेवढी तापत नाही. घारीला हे कोणी शिकवले नाही. तुम्हाला मी शिकवले, एवढाच फरक.” शेतातून उठणारी वावटळ हीदेखील तशाच वर जाणाऱ्या हवेची खूण असते, हे त्याच दिवशी कळले. पुढे कित्येक वर्षांनी त्या एका तासाचे मोल आम्हाला समजले.

शालान्त परीक्षेनंतर आम्ही तिघेही वेगवेगळ्या वाटांनी पुण्यास पोहोचलो. तिसऱ्याला हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या भांडारात काम मिळाले. त्याच्या खोलीवर आम्ही रविवारी जमत असू. १९८० नंतरच्या दशकातील ही गोष्ट. अशाच एका रविवारी सासवड रस्त्याने सायकली मारीत असता डोक्यावरून एक लांब पंखांचे पांढरे विमान गेले. आवाज नाही, धूर नाही. वाऱ्याचा नुसता सळसळाट ऐकू आला. आम्ही सायकली टाकून कुंपणाच्या कडेने धावत गेलो. ते नागरी विमान वाहतूक खात्याचे ग्लायडिंग केंद्र होते. फाटकावरच्या माणसाने आम्हाला हाकलून दिले नाही. उलट विचारले, “बसायचंय का?”

वसतिशाळेतील मुलाला न मागता मिळालेल्या गोष्टीचा प्रथम संशय येतो. आम्ही पैसे विचारले. ते आमच्या आवाक्यातले निघाले. चहा आणि सिनेमा सोडला की महिन्याला काही फेऱ्या परवडण्यासारख्या होत्या. आकाश ही श्रीमंतांची मिरास आहे, असे आम्ही धरून चाललो होतो. तसे कोणी आम्हाला सांगितले नव्हते, आणि म्हणूनच ते मनात इतके घट्ट बसले होते.

तेथे आमच्या वाट्याला आले ते ‘रोहिणी’ नावाचे ग्लायडर. नाव ऐकून आम्हाला हसू आले, कारण रोहिणी म्हटले की शेतकऱ्याच्या मुलाला पेरणीआधीच्या पावसाचे नक्षत्र आठवते. हे विमान आपल्या देशात आखलेले व बांधलेले. त्याचे पहिले उड्डाण १९६१ साली झाले. ज्या तांत्रिक केंद्राने ते तयार केले, त्याने आपल्या ग्लायडरांना नक्षत्रांचीच नावे दिली होती : अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, आर्द्रा. रोहिणी लाकडी बांधणीची असून तिच्यात दोन बैठका एकमेकींच्या शेजारी असत. गुरू-शिष्यांनी खांद्याला खांदा लावून बसायचे. पोटाखाली एकच चाक असल्याने उभी असताना ती एका बाजूला कलते आणि तिच्या एका पंखाचे टोक जमिनीला टेकलेले असते.

ती वर कशी जाते, हे सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे किलोमीटरभर अंतरावर, विंच नावाचे यंत्र असते. ते म्हणजे विहिरीच्या रहाटाचे थोरले भावंड. त्याच्या रिळावर पोलादी तार गुंडाळलेली. तारेचे टोक विमानाच्या पोटाखालच्या आकड्यात अडकवायचे. एकजण पंखाचे टोक उचलून विमान समतोल करतो. खूण होते, विंच तार ओढू लागते आणि पतंग ओढीवर जसा उभा चढतो तसे विमान चढते. मिनिटाच्या आत हजारभर फूट उंची येते. मग नाक खाली करून तार सोडायची. त्या क्षणापासून विमान आपल्या वजनाच्या बळावर हळूहळू घसरत असते. तापलेल्या हवेचा झोत सापडला तर ते वर चढते, नाही तर पाच मिनिटांत जमीन येते.

माणसाने हे उड्डाण इंजिनाच्या आधी साधले. जर्मनीत ओटो लिलिएंथाल नावाच्या अभियंत्याने करकोच्यांचे उड्डाण वर्षानुवर्षे पाहिले, त्यावर पुस्तक लिहिले आणि १८९१ पासून स्वतः बांधलेल्या पंखांनी टेकड्यांवरून हजारांवर उड्डाणे केली. १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात कोसळून त्यांचा अंत झाला. पहिल्या महायुद्धानंतर त्या देशावर इंजिनाच्या विमानांबाबत कडक निर्बंध आले, तेव्हा तेथील विद्यार्थी १९२० पासून वासरकुप्पे या डोंगरावर ग्लायडर घेऊन जमू लागले. इंजिन नाकारले गेले म्हणून त्यांनी हवेचा अभ्यास केला. हे वाचले तेव्हा आम्हाला ती माणसे ओळखीची वाटली.

शिकायचे ठरले. त्यासाठी विद्यार्थी-वैमानिकाचा परवाना लागे आणि परवान्यासाठी डॉक्टरांची तपासणी. तिघे एकाच दिवशी गेलो. आम्ही दोघे पास झालो. तिसऱ्याच्या वेळी डॉक्टरांनी बराच वेळ घेतला. त्याचा उजवा डोळा झाकून समोरच्या पाटीवरची अक्षरे वाचायला सांगितली, तेव्हा त्याला सर्वांत मोठे अक्षरही वाचता येईना. डॉक्टरांनी विचारले, “लहानपणी या डोळ्याला काही लागलं होतं का?”

तो म्हणाला, “पडलो होतो.”

आम्ही दारात उभे होतो. हेच दोन शब्द आम्ही पूर्वी एकदा ऐकले होते.

आता ती जुनी गोष्ट. आम्ही सातवीत होतो. वसतिशाळेच्या आवारात विटी-दांडू खेळण्यास सक्त मनाई होती. कौले फुटली होती म्हणून नियमच झाला होता, आणि तो मोडणाऱ्याला घरी पाठविले जाईल, असे अधीक्षकांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितले होते. घरी जाणे म्हणजे काय, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. केळीच्या बागेत मजुरीला जायचे. पुढे शाळा नाही. एका संध्याकाळी गुरुजी गावात गेलेले पाहून आम्ही निंबाखाली खेळलो. विटी उडाली आणि समोर उभ्या असलेल्या त्याच्या डाव्या डोळ्यावर बसली. ती आमच्या दोघांपैकी कोणाच्या दांडूची होती, हे आम्ही येथे सांगत नाही. ते लपविण्यासाठी नव्हे. एकाने मारली, दुसऱ्याने पाहिली आणि दोघांनी मिळून विटी-दांडू चुलीत घातला. म्हणून तेव्हापासून आम्ही ‘आमच्या हातून’ असेच म्हणतो. अधीक्षकांनी विचारले, तेव्हा डोळ्यावर ओले फडके धरून तो म्हणाला, “पडलो.” त्याने नाव घेतले असते, तर हा लेख लिहिणाऱ्यांपैकी निदान एकाचे शिक्षण तेथेच संपले असते.

दहा दिवसांनी पट्टी निघाली, डोळा वरून चांगला दिसू लागला आणि आम्ही ती गोष्ट विसरलो. त्याला क्रिकेटचा चेंडू झेलता येत नसे, याची आम्ही टिंगल केली. पुस्तक तिरके धरून वाचतो, म्हणून त्याला नाव ठेवले. त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली आहे, हे त्याने कोणालाही सांगितले नाही. डॉक्टरांच्या दारात उभे असताना, बारा-तेरा वर्षांनंतर, आम्हाला त्या सगळ्याचा अर्थ लागला.

बाहेर आल्यावर आमच्यापैकी एकजण म्हणाला, “आपण कोणीच नको शिकूया.” तो चिडला. आमच्या आठवणीत तो एवढाच एकदा चिडला. “मी बसलोय ना एकदा वर? पाहिलं मी. आता तुम्ही नीट शिका. आणि मैदानात माणसं लागतात, ते काम मी करीन.”

माणसे किती लागतात, ते आम्हाला लवकरच कळले. एका विमानाच्या पाच मिनिटांच्या उड्डाणासाठी एकजण विंचवर, एकजण तार अडकवायला, एकजण पंखाशी, एकजण खुणा करायला, एकजण वहीत वेळ लिहायला, आणि उतरलेले विमान ढकलीत परत आणायला मिळतील तेवढे. तार परत ओढून आणायची, तिचे वेटोळे पडू द्यायचे नाहीत. म्हणजे सकाळी सहापासून दुपारपर्यंत उन्हात राबायचे, तेव्हा कोठे वाट्याला दहा-पंधरा मिनिटांचे आकाश येते. कित्येक हौशी तरुण दोन रविवारांत कंटाळून निघून जात. आम्हाला ते जड गेले नाही. पाणी भरण्याची पाळी, झाडण्याची पाळी, भाजी निवडण्याची पाळी, ताटे घासण्याची पाळी, यांतूनच आम्ही वाढलो होतो. आपल्या पाळीला दुसऱ्याचे पोट भरते आणि दुसऱ्याच्या पाळीला आपले, हा हिशेब वसतिशाळेने आमच्या अंगात मुरविला होता.

दिवाळीत गावी गेल्यावर आमच्यापैकी एकाने हे सारे मोठ्या उत्साहाने मायला सांगितले. ती दिवसभर बागेत घड वाहून आली होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “चढशीन ते ठीक. पण खाली कसा येशीन रे?”

प्रशिक्षकांनीही नेमके तेथूनच सुरुवात केली होती. ग्लायडरला इंजिन नसल्याने उतरताना चूक झाली तर पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करता येत नाही. म्हणून जमिनीवरून सुटल्यापासून उतरण्याचाच विचार करायचा. कोणत्या झाडापाशी वळायचे, त्या वेळी किती उंची हाती असली पाहिजे, वारा कोठून आहे, हे सतत मोजायचे. हाती असलेली उंची म्हणजे गाठीचे पैसे. ते खर्च होतच असतात, प्रश्न एवढाच की कोठे खर्च करायचे. पगाराच्या शेवटच्या आठवड्याची सवय असलेल्यांना हे गणित पटकन समजले.

समोरच्या काचेवर लोकरीचा एक धागा चिकटविलेला असे. विमान तिरके सरकू लागले की धागा बाजूला वळतो, सरळ असेल तर सरळ राहतो. विमानातील हे सर्वांत स्वस्त साधन, पण प्रशिक्षक सर्वांत आधी त्याच्याकडे पाहत. हाताने दांडी, पायाने सुकाणू, आणि दोहोंचा मेळ बसला की धागा मधोमध. हा मेळ बसायला आम्हाला वीसच्या वर उड्डाणे लागली.

सर्वांत कठीण धडा तार तुटण्याचा. विमान चढत असताना, नाक आकाशाकडे असताना, प्रशिक्षक न सांगता तार सोडून देत. ओढ एकाएकी नाहीशी होते, कानातला वारा मंदावतो आणि पोटात खड्डा पडतो. अशा वेळी शरीर सांगते : दांडी मागे ओढ, वर धरून ठेव. आमच्यापैकी एकाने पहिल्या खेपेस तेच केले. प्रशिक्षकांनी त्याच्या हातावर हात ठेवून दांडी पुढे लोटली. खाली उतरल्यावर ते रागावले नाहीत. म्हणाले, “आधार तुटला की आधी नाक खाली. वेग राहिला तर विमान तुमचं ऐकेल. उंची धरून ठेवायला गेलात, तर उंचीही जाईल आणि विमानही.” त्या हिवाळ्यात आमच्यापैकी एकाचे वडील वारले आणि घरची जबाबदारी अंगावर आली. दोन महिने मैदान सुटले, चांगली खोली सोडून तिघे एका खोलीत राहू लागलो. तेव्हा हे वाक्य आम्ही एकमेकांना पुष्कळदा ऐकविले.

तिसरा मित्र दर रविवारी आमच्याआधी मैदानात हजर असे. त्याचे काम पंखाच्या टोकाशी. पंख उचलण्यापूर्वी, वर किंवा मागे दुसरे विमान उतरत तर नाही ना, हे त्या माणसाने पाहायचे असते. दोन्ही डोळे शाबूत असलेले लोक नजर फिरवून मोकळे होतात. त्याला डाव्या बाजूचे दिसत नसल्याने तो मान आणि खांदे पूर्ण वळवून दोन्हीकडचे आकाश तपासून घेई. पुढे पुढे प्रशिक्षक म्हणू लागले, “तो पंखाशी असला की मला मागे पाहावं लागत नाही.”

आणखी एक काम त्याने आपण होऊन अंगावर घेतले होते. दुपारी ऊन चढले की तो कपाळावर हात धरून, मान तिरकी करून घारी शोधी. आम्ही विमानात बसून पट्टे आवळत असता तो वाकून सांगे, “पत्र्याच्या छपरांवर तीन आहेत, नांगरलेल्या तुकड्याच्या अलीकडे. तिकडे जा.” कारखान्यांची तापलेली छपरे, उघडी शेते आणि बाजूची हिरवी मळई, हडपसरलाही फैजपूरचाच हिशेब होता. मार्चमधील एका दुपारी त्याने सांगितलेल्या जागी पोहोचताच उजवा पंख कोणी खालून उचलावा तसा उचलला गेला. वर जाणारी हवा ज्या बाजूला असते, तो पंख उचलला जातो. विमान आपोआप दुसऱ्या बाजूला झुकू पाहते, आणि आपण मात्र उचललेल्या पंखाकडेच वळायचे असते. आम्ही वळलो. उंचीचा काटा चढू लागला. सासवड रस्ता दोऱ्याएवढा झाला, दक्षिणेकडे दिवे घाटाचे डोंगर सपाट दिसू लागले. पलीकडे त्याच वर्तुळात एक घार फिरत होती आणि तिने एकदाही पंख हलविला नाही. पाच मिनिटांचे उड्डाण पंचवीस मिनिटे चालले. लहानपणी निंबाखालून पाहिलेल्या गोष्टीच्या आत आम्ही बसलो होतो, आणि ती जागा दाखविणारा खाली उभा होता.

एकट्याने उडण्याचा दिवस सांगून येत नाही. एका सकाळी तिसऱ्या उड्डाणानंतर प्रशिक्षक खाली उतरले, आपल्या रिकाम्या बैठकीचे पट्टे त्यांनी दांडीत अडकू नयेत म्हणून नीट बांधून ठेवले आणि म्हणाले, “आता विमान हलकं आहे, लवकर चढेल. बाकी सगळं तेच.” आम्हा दोघांचे एकल उड्डाण दोन आठवड्यांच्या अंतराने झाले. दोघांच्याही मनात त्याचे एकच चित्र राहिले आहे : डावीकडे पंखाच्या टोकाशी तो, मान वळवून एकीकडचे आकाश पाहतो, मग दुसरीकडचे, आणि नंतर पंख तोलून अंगठा वर करतो. तार ताणली जाते. तो दोन-चार पावले सोबत धावतो आणि मागे पडतो.

वर गेल्यावर शेजारची बैठक रिकामी होती. त्या जागेवर त्याचाही हक्क होता, हा विचार उड्डाणभर आमच्या शेजारी बसून होता. उतरल्यावर तो सर्वांत आधी धावत आला आणि त्याने मिठी मारली. आम्ही त्याचे आभार मानले. क्षमा मागायची होती, ती तोंडातून निघाली नाही. आनंदाच्या दिवशी ते बोलणे नको, असे तेव्हा वाटले. पुढे नोकरी, लग्न, मुले यांत मैदान सुटले. योग्य दिवस येईल म्हणून वाट पाहत राहिलो आणि तीसहून अधिक वर्षे गेली.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. जळगावला विमानतळ आहे, धुळे आणि शिरपूर येथे विमान चालविण्याचे शिक्षण मिळते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत मुलामुलींना उड्डाणाचा अनुभव घेता येतो. ज्यांना ओढ आहे त्यांनी अवश्य चौकशी करावी. सोळाव्या वर्षापासून ग्लायडर शिकता येते. पालकांना आमचे एवढेच सांगणे, की मूल वर पाहत बसले तर त्याला लगेच उठवू नये. आणि मुलांना सांगायचे ते असे, की एकट्याने उडालो तेव्हाही खाली किमान सहा माणसे आपापली पाळी करीत होती, हे आम्ही मोजले आहे. या अंकात ज्यांच्या भराऱ्या तुम्ही वाचाल, त्यांच्याही पंखापाशी कोणीतरी असेल. त्याचे नाव त्यांना विचारा.

लेख लिहून झाल्यावर आम्ही तो छापायला पाठविण्याआधी फैजपूरला नेला. आमचा मित्र निवृत्तीनंतर गावीच राहतो. निंबाच्या पारावर बसून त्याने तो पुस्तक धरावे तसा तिरका धरून सावकाश वाचला. विटीचा मजकूर आला, तेथे तो थांबला नाही. आम्हीच थांबलो होतो. शेवटी आमच्यातील एकजण म्हणाला, “हे तेव्हाच सांगायला हवं होतं. आमचं चुकलं. डोळ्याचंही, आणि इतकी वर्षं गप्प राहिलो त्याचंही.”

तो थोडा वेळ समोरच्या नांगरलेल्या शेतावर पाहत राहिला. मग म्हणाला, “तुम्हाला घरी पाठवलं असतं, तर मी पुण्यात कोणाकडे जमलो असतो रविवारी? असू द्या. छापा.” आणि कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, “पण इथं एक चूक आहे. तुम्ही ‘पंख धरला’ लिहिलंय. पंख धरायचा नसतो. धरून ठेवला तर विमान जागच्या जागी फिरतं, अपघात होतो. पंख तोलायचा, चार पावलं सोबत पळायचं आणि सोडून द्यायचा. मुलं वाचतील. बरोबर लिहा.”

आम्ही ते दुरुस्त केले आहे.